शंभरातले सत्त्याण्णव दिवस

टांझानियात एयासी सरोवराच्या भोवती हाड्झा नावाचा समाज राहतो. धनुष्यबाणाने शिकार करून जगणारे जे अगदी मोजके समाज जगात उरले आहेत, त्यांपैकी हा एक. क्रिस्टन हॉक्स, जेम्स ओकॉनेल आणि निकोलस ब्लर्टन जोन्स या तिघा संशोधकांनी १९८०च्या दशकात तिथे राहून पुरुषांच्या शिकारीची रोजची नोंद ठेवली आणि १९९१ साली तिचे निष्कर्ष छापले. मोठ्या जनावराच्या मागे निघालेला माणूस शंभरातले सत्त्याण्णव दिवस रिकाम्या हातांनी परतत होता. ही नवशिक्यांची गोष्ट नव्हे. लहानपणापासून धनुष्य हाताळलेले, बाणाला विष लावणारे, रक्ताच्या थेंबावरून जखमी जनावराचा माग तासन् तास काढणारे हे लोक. तरीही महिनाभर रोज निघावे तेव्हा सरासरीने एखादे मोठे जनावर हाती लागावे, असा हा हिशेब. मग अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी सकाळी हा माणूस उठतो कशाच्या बळावर? आपल्याकडे याचे उत्तर तयार असते: जिद्द, चिकाटी, मनोधैर्य. यशाच्या भाषणांतून आणि पुस्तकांतून ते इतक्यांदा ऐकवले गेले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. अपयशाचे हंगाम ओलांडण्याची ताकद एकट्या माणसाच्या मनात फार थोडी असते; ती त्याच्या भोवतीच्या माणसांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेत असते. त्या व्यवस्थेत रिकामा हात ही लाजेची गोष्ट नसते आणि रिकामी चूल हा त्याचा ठरलेला परिणामही नसतो. ती मोडली की सर्वांत चिवट माणूसही काही दिवसांत बसतो, आणि मग लोक म्हणतात की याच्यात जिद्दच नव्हती.

हा प्रश्न नळदुर्गच्या बाजूने विचारायला कारण आहे. बोरी नदी, तिच्यावरच्या बंधाऱ्याच्या पोटात बसलेला पाणीमहाल, नर-मादी धबधबे, अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत आलटून पालटून मुक्काम करणारा खंडोबा, एवढ्यावर या गावाची ओळख बाहेर संपते. पण किल्ल्याचा तट सोडून बाहेर पडले की तुळजापूर तालुक्याचा आणि त्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्याचा जो माळ सुरू होतो, तो पिढ्यान् पिढ्या काळविटांचा आणि काळविटांमागे हिंडणाऱ्या फासेपारध्यांचा मुलूख होता. प्राणिशास्त्राच्या हिशेबात काळवीट हरणांपेक्षा वेगळ्या, कुरंगांच्या गटात बसतो. माळावरचा माणूस मात्र त्याला हरीणच म्हणतो आणि इथेही तोच शब्द चालेल. आज या प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसवले. तेव्हा पारध पुन्हा सुरू करा असा सल्ला या लेखातून कुणी शोधू नये. अपयशाची सवय असलेली माणसे टिकली कशी, एवढाच इथला प्रश्न आहे. त्याचे उत्तर पारध्यांइतकेच कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणाऱ्या मुलाच्या उपयोगाचे आहे.

रिकामे परतणे ही शिकारीतली दुर्घटना मानली की पुढचे सगळे चुकते. डेव्हिड मेक यांनी अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटावर लांडग्यांचा पाठलाग विमानातून पाहिला आणि १९६६ साली त्याची आकडेवारी दिली. लांडग्यांनी ज्या ७७ मूसांना गाठून अजमावले, त्यांतले ६ मारले गेले. मूस हे प्रचंड जनावर आहे, त्यामुळे ही संख्या आपल्या माळावरच्या लांडग्याला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण ज्याचे दात, पाय आणि नाक याच कामासाठी घडले आहे, त्यालाही दहात एकदा यश मिळत नाही, एवढे त्यातून कळते. धनुष्य घेतलेला माणूस तर आणखी अडचणीत असतो. साध्या लाकडी धनुष्याचा नेमका बाण वीसेक मीटरच्या आतच भरवशाचा. एवढ्या जवळ पोहोचेपर्यंत वारा फिरतो, काटकी मोडते, कळपातली एखादी मादी मान वर करते आणि सारा कळप उधळतो. फासेपारध्यांनी धनुष्याऐवजी फास निवडला, त्यामागे उघड्या माळावर लपायला झाड नाही हे साधे कारण असावे. काळविटाची नजर तीक्ष्ण आणि धाव ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. अशा जनावराला धावून गाठता येत नाही. त्याच्या वाटेवर, त्याच्या नकळत, अगोदर जाऊन बसावे लागते. म्हणून खुंट्यांना बांधलेल्या फासांची लांब ओळ कळपाच्या ठरलेल्या वाटेवर मांडायची आणि कळप हळूहळू तिकडे वळवायचा. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने चालत जवळ सरकायचे. पाळलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला रानातल्या नराशी झुंजायला सोडायचे. ही युक्ती मुघल दरबारातही माहीत होती. या प्रत्येक पद्धतीत तयारीला वेळ फार लागतो आणि बिघडायला क्षण पुरतो. संध्याकाळी फास गुंडाळून परत यायचे, हाच बहुतेक दिवसांचा शेवट असणार.

या रिकाम्या दिवसांची किंमत कोण चुकवत होते? इथे कैलाश मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांचा १९८३ सालचा अभ्यास फार मोलाचा आहे. महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात हिंडणाऱ्या फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले या तीन समाजांच्या शिकारीची त्यांनी तुलना केली. तिघे एकाच माळावर वावरत होते, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नव्हते. फासेपारधी फास लावून काळवीट आणि पक्षी धरत. वैदू मांजरवर्गातले आणि मुंगसासारखे छोटे मांसभक्षक प्राणी पकडत. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने साळिंदर, घोरपड अशा जनावरांमागे जात. म्हणजे एका समाजाचा हंगाम बुडाला तरी शेजारच्याशी झोंबाझोंबी करण्याची पाळी सहसा येत नव्हती. त्याहून महत्त्वाचे एक निरीक्षण गाडगीळ आणि मल्होत्रा यांनी नोंदवले आहे: फासात सापडलेली गाभण मादी किंवा पाडस पारधी सोडून देत असत. याचा नीट विचार करावा. पंधरा-वीस दिवस काही मिळालेले नाही, आज फासात जनावर अडकले आहे, आणि माणूस ते आपल्या हाताने सोडतो. उपाशी आणि एकट्या माणसाकडून हे होणार नाही. आज सोडले तरी घरी काहीतरी शिजणार आहे, आणि पुढच्या वर्षीही आपल्यालाच या माळावर फास लावायचा आहे, या दोन्ही गोष्टींची खात्री असेल तरच हे घडते. पहिली खात्री तितर-लाव्यांसारख्या छोट्या पाखरांनी, रानातल्या कंदमुळांनी आणि बायकांच्या रोजच्या कमाईने दिली. दुसरी खात्री ज्याचा त्याचा मुलूख ठरवून देणाऱ्या समाजाच्या रिवाजाने दिली. ज्याला आपण संयम म्हणतो, त्याच्या पोटात ही इतकी सामग्री असते.

दूरच्या कलहारीत याच व्यवस्थेचे आणखी स्पष्ट रूप दिसते. रिचर्ड ली यांनी १९६०च्या दशकात डोबे इथल्या कुंग सान लोकांमध्ये राहून जे लिहिले, ते मानवशास्त्रात आता अभिजात गणले जाते. तिथे शिकारीचा निकाल हाड्झांहून बरा होता. साधारण चार माणशी-दिवसांमागे एक जनावर. पण अन्नाचा मोठा वाटा, वजनाने निम्म्याहून बराच अधिक, बायकांनी गोळा केलेल्या वनस्पतींचा होता. त्यामुळे पुरुष रिकामा आला तरी मुले उपाशी झोपत नव्हती. मांस आले की त्याचे वाटे सर्व तळावर फिरत. आणि वाटे करण्याचा अधिकार कुणाचा? ज्याने बाण मारला त्याचा नव्हे, ज्याच्या मालकीचा बाण होता त्याचा. बाण तर सर्रास एकमेकांना दिले-घेतलेले असत. परिणामी म्हाताऱ्याच्या, लंगड्याच्या, नेम न बसणाऱ्याच्या बाणानेही कधीतरी जनावर पडे आणि त्या दिवशी मान त्याचा असे. मोठे जनावर मारणाऱ्याला लोक शाबासकी देत नसत. उलट, काय हे हडकुळे जनावर आणलेस, म्हणून त्याची टर उडवत. सलग यश मिळवणारा माणूस काही आठवडे शिकार थांबवून इतरांचे खात बसे. यशाला असे वाटून टाकले आणि थोडे ठेचून ठेवले की अपयशाचीही धार आपोआप जाते. आज ज्याला मिळाले नाही त्याचे कुणापुढेही काही कमी झालेले नसते, म्हणून उद्या निघायला त्याला वेगळे धैर्य गोळा करावे लागत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि ते मन अस्वस्थ करणारे आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी माणूस सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तली करून संपवलेल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा तो शेवटचा माणूस. आपले नाव सांगण्याची त्यांच्यात रीत नव्हती, म्हणून लोक त्याला इशी म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरने त्याच्यावर उपचार केले, त्याच्याशी मैत्री केली आणि त्याच्याकडून धनुष्य बनवायला, चालवायला, हरणाच्या जवळ सरकायला शिकून घेतले. शिकारीला निघण्यापूर्वी इशी तंबाखू वर्ज्य करी, अंग धुई, वास राहू नये म्हणून जपत असे. १९१६ साली क्षयाने तो गेला. पोप यांनी १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि त्यातून अमेरिकेत हा छंद नव्याने उभा राहिला. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली धनुष्यासाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगामच जाहीर केला. आज तिथे लाखो लोक परवाना घेऊन हा छंद करतात आणि त्यांतले पुष्कळजण वर्षानुवर्षे एकही हरीण न मिळवता परततात. पारंपरिक लाकडी धनुष्याचा आग्रह धरणाऱ्यांची स्थिती तर अधिकच कठीण. उमेद कशी टिकवावी, हा त्यांच्यात सतत चर्चेचा विषय असतो. मिळणारी उत्तरे बहुतेक मनाला उद्देशून असतात: निसर्गात असण्याचा आनंद घ्या, निकालाकडे पाहू नका, सराव वाढवा. ही उत्तरे खोटी नाहीत, अपुरी आहेत. पोप यांनी इशीकडून धनुष्य घेतले, लपत सरकणे घेतले, शुचितेचे नियमही समजून घेतले. एक गोष्ट मात्र घेता येण्यासारखी नव्हती, कारण ती उरलीच नव्हती: रिकामा आलेल्याला वाटा देणारा तळ. छंदाने शिकार करणारा एकटा निघतो, एकटा परततो, आणि हंगामाच्या शेवटी आपला हिशेब आपल्याशीच मांडतो. त्या हिशेबात मग हरीण मिळाले की नाही हा एकच स्तंभ उरतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पोटाला भूक होती म्हणून हे लोक रोज निघत. त्यात व्यवस्थेचे कौतुक कसले? आक्षेप सोपा आहे आणि पटकन पटतो. पण भुकेचा नियम वेगळा असतो. भुकेला माणूस जे खात्रीने मिळेल तिकडे वळतो. हॉक्स यांच्या गटाने हाच प्रश्न हाड्झांबाबत धसास लावला होता. त्यांनी काही पुरुषांना लहान जनावरे आणि पाखरे धरून पाहायला सांगितले, तेव्हा हाती थोडे पण बरेच नियमित मांस आले. निव्वळ आपल्या मुलांच्या पोटाचा विचार केला असता तर मोठ्या जनावरांचा नाद सोडणेच शहाणपणाचे ठरले असते. तरी पुरुष मोठ्यामागेच जात. हॉक्स यांनी याचा अर्थ असा लावला की मोठे मांस सगळ्या तळाला जाते, म्हणून ते आणणाऱ्याचे नाव होते, आणि माणूस त्या नावासाठी निघतो. या अर्थावर मानवशास्त्रज्ञांमध्ये पुढे पुष्कळ वाद झाले; वाटून खाण्यामागे जोखीम वाटून घेणे हेच मुख्य कारण आहे, असे मानणारा पक्षही भक्कम आहे. माझ्या मुद्द्यापुरते दोन्ही पक्ष एकाच जागी येतात. नावासाठी निघत असेल तर नाव देणारी माणसे हवीत. जोखीम वाटायची तर वाटून घेणारी माणसे हवीत. भूक माणसाला पहिल्या सकाळी घराबाहेर काढते, हे खरे. अठ्ठ्याण्णवाव्या सकाळी त्याला बाहेर काढायला तळ लागतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. कौशल्यावरचा विश्वास हेच बळ नसते का? ज्याला आपल्या हाताची खात्री आहे तो टिकतो, बाकीचे गळतात. यात तथ्य आहे, पण कौशल्य म्हणजे काय ते पाहायला हवे. जगभरच्या ४० ठिकाणच्या सुमारे १,८०० शिकाऱ्यांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की शिकाऱ्याचे कसब सरासरी तेहतिसाव्या वर्षाच्या आसपास शिखराला पोहोचते. अंगातली चपळाई तर त्याच्या बरीच आधी पूर्ण झालेली असते. मधली दहा-बारा वर्षे कशात जातात? ब्लर्टन जोन्स आणि फ्रँक मार्लो यांनी हाड्झा मुलांची नेमबाजी तपासली, तेव्हा निवासी शाळेत वर्षे काढून रानाला मुकलेली मुले रानातल्या मुलांच्या मागे नव्हती. म्हणजे बाण नेमका मारणे हा भाग फार लवकर येतो. वेळ लागतो तो जनावर कुठे असेल, केव्हा वळेल, कोणत्या वाऱ्याला घाबरेल हे उमजायला, आणि ही विद्या जवळजवळ पूर्णपणे रिकाम्या दिवसांत शिकली जाते. मिळालेल्या जनावराचे मांस होते. निसटलेल्या जनावराबद्दल रात्री शेकोटीशी बोलणे होते. फास कुठे ढिला पडला, कळप का फिरला, पावसानंतर ठसा किती जुना दिसतो. हे बोलणे ऐकायला कुणी नसेल तर निसटलेले जनावर नुसते निसटलेले राहते. तेव्हा कौशल्यावरचा विश्वास हाही तळावरच तयार होणारा माल आहे. शिवाय ज्या समाजात वयाच्या तिशीपर्यंत माणूस शिकाऊच धरला जातो, तिथे विशीतल्या पोराच्या अपयशाला कुणी अपयश म्हणत नाही. आपण दहावीच्या एका निकालावर मुलाचा फैसला करतो, त्याच्याशेजारी ही गोष्ट ठेवून पाहावी.

आता १९७२कडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा मला त्या वर्षात दिसतो. महाराष्ट्राच्या आठवणीत हे वर्ष मोठ्या दुष्काळाचे आहे, आणि धाराशिव, सोलापूर, अहमदनगर या पट्ट्याने तो दुष्काळ अंगावर घेतला. त्याच वर्षी दोन शासकीय निर्णय झाले. एक, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. दुसरा, सप्टेंबरात संसदेचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचण्याची आपल्याला सवय नाही. रोजगार हमीने शेतकऱ्याला आणि शेतमजुराला सांगितले: हंगाम बुडाला तर तो तुझा दोष नाही, काम माग, ते आणि त्याची मजुरी देणे ही आमची जबाबदारी. पुढे १९७५ साली शहरांतल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून योजनेसाठी पैसा उभा केला गेला, आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप आले. मुंबईत पगार मिळवणाऱ्याच्या ताटातला घास तुळजापूरच्या खडी केंद्रावर पोहोचवण्याची ही व्यवस्था होती. कलहारीतल्या तळावरचे वाटे एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुणी केले असतील तर ते महाराष्ट्राने. शेतकरी पुढच्या मृगाला पुन्हा पेरायला उभा राहिला, त्यात त्याची जिद्द होतीच. पण त्या जिद्दीच्या पायाखाली राज्याने आधार घातला होता. फासेपारध्याला मात्र दुसऱ्या निर्णयाने सांगितले की तुझा हंगाम आता कायमचा बंद. त्याच्या पायाखाली काही घातले गेले नाही.

कुणी म्हणेल, रोजगार हमी सर्वांनाच खुली होती, पारध्यांनी कामावर यायला कुणी अडवले होते? कागदावर अडवले नव्हते. पण काम मागायचे तर गावात नाव नोंदवायचे होते, आणि ज्याला गावात राहूच दिले जात नाही त्याने नाव कुठे नोंदवायचे? १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशभरच्या अशा समाजांवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला. शेजारच्या सोलापुरात तारांच्या कुंपणातली वसाहत होती आणि तिला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण सवयीच्या गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले आणि चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जाण्याची रीत सुटली नाही. अशा माणसाच्या मागे तळ उरत नाही. कुठे तीन पाल, कुठे दोन, आणि रात्री उठून पळण्याची तयारी. याच समाजाला छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोलावून कामे दिली, राहायला जागा दिली, तेव्हा ही माणसे स्थिर होऊन चाकरी करू लागली होती. तीच माणसे, तोच स्वभाव. बदलला होता तो भोवतालचा बंदोबस्त. पारधी आळशी, पारधी टिकून काम करत नाही, असे जे आजही सहज बोलले जाते, त्याला हे उत्तर आहे. बहुतेक दिवस रिकामे जाऊनही शतकानुशतके रोज उठून निघणाऱ्या समाजावर चिकाटीच्या अभावाचा आरोप करायचा, हे मला असह्य वाटते.

बंदीबद्दल मात्र शंका नको. काळविटाची संख्या घटली ती बंदूक, जीप आणि माळाची झालेली नांगरट यांमुळे. फास हे त्यातले सर्वांत लहान कारण असेल. तरी उरलेल्या मोजक्या कळपांवर कुणाचाच फास पडू नये हे बरोबरच होते. माझी तक्रार बंदीपाशी नाही. बंदीने जो हंगाम संपवला त्याच्या जागी काय उभे करायचे, हा विचार त्या कायद्याच्या आसपासही कुणी केला नाही, तो करायला दोन दशके गेली, आणि तोही सरकारने केला नाही.

नळदुर्गपासून फार दूर नाही, अशा यमगरवाडीत १९९३ साली पारध्यांच्या आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानच्या वतीने ती उभी केली. प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. संकुलाचे नाव एकलव्य. या कामाची वैचारिक बाजू कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. निवासी शाळा मुलाला त्याच्या बोलीपासून आणि माळापासून तोडते, ही टीकाही विचारात घ्यावी लागते. पण माझ्या युक्तिवादाच्या कसोटीवर पाहिले तर या शाळेने मुलांना सर्वांत आधी दिला तो तळ: पोलीस येणार नाहीत अशी रात्र, ठरलेल्या वेळेचे जेवण, आणि नापास झाल्यावरही आपली राहिलेली जागा. घरात पहिल्यांदाच अक्षर शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला अपयशाचे हंगाम येणारच. पहिल्या पिढीचा विद्यार्थी चौथीत अडखळतो, आठवीत पळून जातो, परत येतो. अशा मुलाला गुणपत्रिकेच्या एका स्तंभावर तोलणारी व्यवस्था त्याला गमावते, आणि परत आल्यावर ताट वाढणारी व्यवस्था त्याला राखते.

धनुष्याच्या खेळाचा दाखलाही याच बाजूचा आहे. भारताचे तिरंदाज १९८८च्या सोलपासून ऑलिंपिकला जात आहेत आणि २०२४च्या पॅरिसपर्यंत एकही पदक आलेले नाही. धीरज बोम्मादेवरा आणि अंकिता भकत यांचा चौथा क्रमांक हीच सर्वोत्तम कामगिरी. एवढ्या वर्षांत हा खेळ मेला का? उलट २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले, आणि फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजूर कुटुंबातला प्रवीण जाधव टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. मधल्या रिकाम्या ऑलिंपिकांत प्रशिक्षक, प्रबोधिन्या, खात्यांच्या नोकऱ्या टिकून राहिल्या, म्हणून नवी मुले धनुष्य उचलत राहिली. पदक न मिळालेल्या प्रत्येक खेळाडूला तेव्हाच घरी पाठवले असते तर बर्लिनपर्यंत कोण पोहोचले असते?

पारध्यांची मूळ विद्या, म्हणजे माग काढणे, मात्र अजून फारशी कामाला लावली गेलेली नाही. अपवाद आहेत. वाशिम-अकोला भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या संवेदना संस्थेबरोबर फासेपारधी गवताळ माळ राखतात आणि दुर्मीळ तणमोराच्या नोंदी करतात. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारधी तरुण पर्यटकांना पायी फिरवून ठसे आणि आवाज वाचायला शिकवतात. आमच्या शेजारी नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९पासून आहे, आणि तिथे माळढोक दिसणे आता जवळपास थांबले आहे. तिथे खऱ्या अर्थाने रिकामे हंगाम चालू आहेत: रोज माळ तुडवायचा, आणि संध्याकाळी वहीत शून्य लिहायचे. हे काम करायला शून्याची सवय असलेला माणूस हवा. असा माणूस नळदुर्ग, तुळजापूर, मोहोळच्या पालांवर आहे, आणि तो आज ऊसतोडीला किंवा दगड फोडायला जातो.

या माणसाला अभयारण्यात माग काढायच्या कामावर घ्यावे म्हटले की वनखात्याकडून येणारा आक्षेप ठरलेला आहे: पक्षी दिसला नाही तर पैसे कशाचे द्यायचे? सरकारी पैशाचा हिशेब मागणे योग्यच आहे, पण हा हिशेब चुकीच्या गोष्टीचा आहे. दिसण्यावर पैसे ठेवले की वहीत खोटे पक्षी दिसू लागतील, आणि खरे शून्य, जे संरक्षणासाठी सर्वांत तातडीचे माहितीचे टिपण असते, ते कुणी लिहिणार नाही. रोजगार हमीच्या खडी केंद्रावर हिशेब कसा होता, ते आठवावे. फोडलेल्या खडीचे माप घेऊन मजुरी दिली जाई; त्या खडीचा रस्ता पुढे झाला की नाही, हे मजुराला कुणी विचारत नसे. माग काढणाऱ्यालाही तेच माप लावता येईल: आज किती माळ चालला, किती ठसे नोंदवले, कुठे कुत्र्यांचा किंवा कुंपणाच्या तारेचा धोका दिसला. काळवीट दिसो, लांडगा दिसो वा काहीच न दिसो, दिवसाची मजुरी ठरलेली. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अभयारण्याच्या वार्षिक आराखड्यात हंगामी मजुरांच्या रकान्यात ही पदे घालावी लागतील आणि ती भरताना पालावरच्या माणसाकडे रहिवासी दाखला मागायचे थांबवावे लागेल.